भटारखान्याची वही

१६ जुलै २०२४, मंगळवार

उद्या आषाढी. सकाळपासून फोन वाजतोय आणि प्रश्न एकच, "मॅडम, उपवासाच्या थाळीत भगर ठेवायची का काढायची?" फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताहातल्या भगर-आमटीच्या प्रसादाने शेकडो माणसं आजारी पडली. दवाखान्यात जागा पुरेना, म्हणून बाहेर दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या लटकवल्या होत्या. ती चित्रं हॉटेलवाल्यांच्या डोक्यातून अजून गेलेली नाहीत, आणि जाऊ नयेत असंच मला वाटतं.

सगळ्यांना मी तेच सांगते. भगर वाईट नाही, ओल धरलेली भगर वाईट. पावसाळ्यात सुटी भगर, त्यातून दळून ठेवलेलं तिचं पीठ, हवेतला दमटपणा ओढून घेतं. त्यावर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि फ्युमिगाक्लेविनसारखी विषं तयार होतात. शिजवल्यावर बुरशी मरेल. तिने आधीच सोडलेलं विष उकळून जाईल याचा भरवसा नाही. तेव्हा बंद पाकीट घ्या, त्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि पॅकिंगची तारीख बघा, लागेल तेवढीच दळा, आणि केलेली भगर-आमटी त्याच जेवणात संपवा.

पाकीट, तारीख, सगळ्याला लोक हो म्हणतात. 'संपवा' म्हटलं की आवाज बदलतो. सदाशिव पेठेत खानावळ चालवणाऱ्या काकूंनी मात्र सरळ विचारलं, "अगं, उरली तर टाकायची? एकादशीचं अन्न?" म्हटलं, काकू, मग कमी करा. दोन वाजता संपली तर संपली, पाटी लावा. त्या म्हणाल्या, "पाटी लावायची मला लाज नाही, पण पोरं उपाशी जातील." त्यांच्याकडे जेवायला येतात ती बहुतेक स्पर्धा परीक्षांची मुलं. शेवटी ठरलं की दाण्याची आमटी दोनदा करायची, निम्मी निम्मी. गॅस जास्त जाईल, हात जास्त लागतील. काकूंनी तो हिशेब तिथल्या तिथे मांडला आणि हो म्हणाल्या.

सुरक्षित अन्नाचा खर्च कुणाला तरी उचलावा लागतो. काकू तो स्वतः उचलतात. मोठ्या भटारखान्यांत तो हळूहळू खाली सरकत जातो, आणि सगळ्यांत खाली मोरीवर उभा असलेला माणूस असतो. इतकी वर्षं हेच बघत आले आहे.

३ ऑगस्ट २०२४, शनिवार

उद्या गटारी. सिंहगड रस्त्यावरच्या हॉटेलात काल रात्री उशिरापर्यंत थांबले. इथे मी महिन्यातून एकदा जाते. कामगारांना शिकवायचं, भटारखाना तपासायचा, अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी उद्या आला तर काय काढेल ते आज काढून दाखवायचं. मी सरकारी माणूस नाही. मायक्रोबायॉलॉजी शिकले, कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आणि आता हे काम मला त्या नोकरीपेक्षा जवळचं वाटतं.

साडेदहाला वस्तादांनी आजच्या चिकनचा रस्सा उतरवला. मोठा टोप, काठोकाठ भरलेला. झाकण ठेवलं आणि कडप्प्यावर सरकवला. शेठ म्हणाले, "गार झाला की फ्रीजमध्ये जातो, मॅडम." विचारलं, गार कधी होतो? "सकाळी."

मी थर्मामीटर काढला. वस्तादांचा त्यावर विश्वास नव्हता. "आधी तो खरा का खोटा ते बघू," म्हणाले. बरोबरच आहे, काटा तपासल्याशिवाय वजन कोण मान्य करेल. बर्फ-पाण्यात शून्य आलं. उकळत्या पाण्यात धरला तर अठ्ठ्याण्णव. "बघा, दोन डिग्री खातो!" मग त्यांना सांगितलं की पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे. इथे पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. मुंबईला शंभर, महाबळेश्वरला पंच्याण्णव-शहाण्णव. वस्ताद झारा हातात धरून थांबले. "म्हणून तिथं डाळ शिजायला येळ लागायचा! दोन सीझन काढलेत मी तिथं. मालक म्हणायचा, तुलाच जमत नाही." त्यानंतर थर्मामीटर त्यांनीच हातात घेतला आणि मला परत दिला नाही.

अकराला टोपाच्या मध्यभागी ८४. पहाटे सहाला वस्तादांनी स्वतः मोजून फोन केला, ४६.

सगळं इथे अडतं. पाच ते साठ अंश ही जंतूंची वाढायची जागा. रस्सा उकळला म्हणजे जंतू मेले हे खरं, पण काहींचे बीजाणू उकळीतून तरतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा त्यातला एक. त्याला प्राणवायू नको असतो, आणि खोल टोपाच्या पोटात उकळल्यानंतर तो फारसा उरलेलाच नसतो. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास त्याला इतकं मानवतं की दहा-दहा मिनिटांत त्याची संख्या दुप्पट होऊ शकते. सकाळी तो टोप पुन्हा खळखळून उकळला तर हे जंतू मरतील. पण दुपारी एकला, बाहेर नंबर लागलेले असताना, कुणी टोप उकळत नाही. ओगराळं भरून रस्सा कढईत जातो, कडेने वाफ दिसली की थाळीत. भाताचं तर आणखी अवघड. बॅसिलस सेरियस रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात जे उलटीचं विष सोडतो ते सकाळी फ्राइड राइस परतून जात नाही. ते भट्टीच्या आचेला दाद देत नाही.

उपाय साधा आहे. रस्सा मोठ्या परातींत ओता, दोन बोटं खोल, खाली बर्फाचं पाणी. पहिल्या दोन तासांत साठावरून एकविसावर आला पाहिजे, मग झाकून फ्रीजमध्ये, पाचाखाली. आज करून दाखवलं. मुलगा बर्फ आणायला गेला आणि निळा बर्फ घेऊन आला. तो परत पाठवला. निळा म्हणजे खाण्याचा नाही. १ जून २०१८ पासून आपल्याकडे कारखान्यांच्या, माल गार ठेवायच्या बर्फाला निळा रंग सक्तीचा आहे, कारण तो कोणत्या पाण्याचा असेल सांगता येत नाही. परातीखाली का असेना, तो भटारखान्यात नको. आज खाली आहे, उद्या ताकात जाईल.

पण माझं खरं मत शेठना सांगितलं. तुमच्याकडे एक घरगुती फ्रीज आणि एक डीप फ्रीझर. एवढ्या रश्शाला तो फ्रीज पुरणार नाही. कोमट टोप आत ठेवलात तर आतलं दही-पनीरही तापेल. रात्रीचा स्वयंपाक रात्रीपुरता करा, सकाळचा सकाळी. ते म्हणाले, "मग पहाटे पाचला एक माणूस जादा लागेल." लागेल.

२२ ऑगस्ट २०२४, गुरुवार

कात्रजच्या बाजूच्या एका मालकाला कलम ३२ ची सुधारणा नोटीस आली आहे. सकाळी सातला फोन, "मॅडम, धंदा बंद करतील का हो?" गेले. नोटिशीत काही जगावेगळं नव्हतं: कच्चं आणि शिजलेलं एकाच फ्रीझरमध्ये, पाण्याचा तपासणी अहवाल नाही, भजी निथळायला वर्तमानपत्र, कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रं नाहीत. सांगितलेल्या मुदतीत हे दुरुस्त केलं तर नोटीस तिथेच संपते. नाही केलं तर परवाना निलंबित होऊ शकतो. बाकी, अस्वच्छ जागेत अन्न तयार केलं तर एक लाखापर्यंत दंड वेगळा.

मालकांनी दोन दिवसांत काय केलं? नव्या टाइल्स, कॅमेरा, सगळ्यांना टोप्या आणि हातमोजे. नोटिशीत टाइल्सचा शब्द नव्हता. मोजा घातलेल्या हाताने पोरगा पैसे घेत होता, त्याच हाताने कांदा टाकत होता. मोजा स्वतः स्वच्छ राहत नाही, तो फक्त हात धुवायची आठवण घालवतो. तो काढायला लावला आणि साबण कुठे आहे ते विचारलं. साबण मालकांच्या गल्ल्याखाली होता, "चोरीला जातो" म्हणून.

तापमानाची नोंदवही मात्र कशी भरली होती! रोज दोन वेळा, चार अंश, चार अंश, चार अंश. पान उलटलं तर उद्याच्या दोन्ही वेळाही भरलेल्या. ज्याने लिहिलं त्या मॅनेजरला मी काही बोलले नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, दिवसाला चौदा तास उभा असतो. त्याच्यासमोर फ्रीजचं दार उघडलं, थर्मामीटर आत ठेवला, आणि दहा मिनिटं आम्ही दोघं चहा पीत थांबलो. अकरा अंश. दाराचं रबर फाटलेलं होतं. ते बदलायला जे काही शेकडो रुपये लागतील त्यात नोंदवही खरी होईल. मालकांना तेच सांगितलं, टाइल्सच्या आधी रबर.

कागदाचं मला वावडं नाही. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याचा भर पकडण्यावर होता. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा, ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झालेला, आधी सांभाळायला सांगतो. नोंदवही हा त्यातला चांगला भाग आहे. पण ती भरणाऱ्याला अकरा लिहिण्याची मुभा हवी. अकरा लिहिलं की ओरडा बसणार असेल तर तो आयुष्यभर चारच लिहील.

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

उद्या गौरी येणार. सिंहगड रस्त्याच्या हॉटेलात ऑर्डरींचा ढीग. आत गेले तर मोरीवरचा पोरगा, बहराइचकडचा, मोरीवर नव्हता. टेबलाशी बसून कोथिंबीर निवडत होता. चेहरा उतरलेला. कालपासून जुलाब. उभं राहवत नव्हतं म्हणून वस्तादांनी दया करून त्याला बसायचं काम दिलं होतं.

दयेपोटीच दिलं, हे मला पटतं. पण मोरीवर तो भांडी धूत होता, ती नंतर तापतात तरी. कोथिंबीर शिजत नाही. ती थेट पानात पडते.

त्याला बाजूला घेतलं. घरी का गेला नाहीस? "पैसा कटेगा, मॅडम." साडेचारशे रुपये रोज. तो जिथे राहतो त्या खोलीत भाडं माणशी पडतं, आजारी असो वा नसो.

शेठकडे गेले. त्यांनी ड्रॉवरमधून फाईल काढली. सगळ्यांची वैद्यकीय प्रमाणपत्रं, त्वचा ठीक, डोळे ठीक, टायफॉइडची लस दिली. "याचं पण आहे, मॅडम. मार्चचं." प्रमाणपत्र मार्चमधल्या एका दिवसाचं असतं. जुलाब सप्टेंबरात लागतात. परवाना व नोंदणी नियमांच्या परिशिष्ट ४ मध्ये वार्षिक तपासणीच्या जोडीने दुसरीही गोष्ट आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. कावीळ, जुलाब, उलटी, ताप, तापासह घसादुखी, पिकलेली जखम, कान-डोळा-नाकातून स्राव, यातलं काहीही झालं तर कामगाराने ते सांगायचं आणि मालकाने त्याला अन्नापासून लांब ठेवायचं. सांगायचं कोणी? ज्याचे साडेचारशे जाणार त्याने.

मेरी मॅलनची गोष्ट मी प्रशिक्षणात नेहमी सांगते, आज शेठना सांगितली. न्यूयॉर्कमधली आयरिश स्वयंपाकीण. स्वतः धडधाकट, पण पोटात टायफॉइडचे जंतू. ज्या घरांत स्वयंपाक केला तिथे माणसं आजारी पडत गेली. १९०७ मध्ये तिला धरून बेटावर एकटं ठेवलं. १९१० मध्ये सोडलं, पुन्हा स्वयंपाक करणार नाही असं लिहून घेऊन. मग ती कपडे धुवायला लागली. त्यात स्वयंपाकाइतके पैसे मिळत नव्हते. काही वर्षांनी नाव बदलून ती परत चुलीपाशी गेली, तीही एका प्रसूती रुग्णालयाच्या. १९१५ मध्ये तिथे पंचवीस जणांना टायफॉइड झाला, दोघं दगावली. तिला पुन्हा बेटावर नेलं, ती १९३८ साली मरेपर्यंत. सगळे तिला 'टायफॉइड मेरी' म्हणून नावं ठेवतात. तिचं वागणं चुकीचंच होतं. पण चुलीपासून दूर करताना तिच्या पोटाची सोय कुणी लावली, हा प्रश्न शंभर वर्षांनी सिंहगड रस्त्यावर तसाच उभा आहे.

शेठ म्हणाले, "तीन दिवस घरी पाठवतो." पगारी? उत्तर आलं नाही. फोन वाजला, मोदकांची ऑर्डर होती. कोथिंबीर माझ्यासमोर टाकली, तेवढं झालं. मुलाला ओआरएसची पाकिटं देऊन मी निघाले.

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

तेलंगणाने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातल्यापासून शोरमावाले विचारताहेत, आपल्याकडे पण येणार का? केरळने जानेवारी २०२३ मध्येच घातली. तिथे मे २०२२ मध्ये कासरगोड जिल्ह्यात शोरमा खाऊन सोळा वर्षांची मुलगी गेली होती. आपल्याकडे या मे महिन्यात ट्रॉम्बेत एकोणीस वर्षांचा मुलगा गेला. 

कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो, आणि मेयोनीज कधीच आचेवर जात नाही. पाश्चराइज्ड अंडं किंवा बिनअंड्याचं वापरा, फ्रीजमध्ये ठेवा, त्याच दिवशी संपवा. बंदीला माझा विरोध नाही. पण शोरम्याचा शंकू मला जास्त घाबरवतो. बाहेरचा थर भाजला की तासून द्यायचा, आतलं मांस कच्चं. गिऱ्हाईक कमी झालं की गॅस वाचवायला बर्नर बारीक. आतला थर तासन्‌तास कोमट बसून राहतो. रात्री उरलेला शंकू उद्या परत चढतो. इथेही तेच, टाकायचा खर्च कोणाचा?

म्हापशाला बहिणीकडे गेले होते तेव्हा तिथे गोबी मांचुरियनचा विषय निघाला. यंदाच्या सुरुवातीला म्हापसा नगरपालिकेने त्यावर बंदी घातली. कर्नाटकाने मार्चमध्ये त्यातल्या कृत्रिम रंगांवर. रोडामाइन-बी हा कापडाचा रंग आहे. मांचुरियन, तंदुरी, ग्रेव्ही यांत तर खायचे म्हणून परवानगी असलेले कृत्रिम रंगही चालत नाहीत. लाल हवं तर बेडगी आहे, काश्मिरी मिरची आहे. दोन्ही रंगाच्या पुडीपेक्षा महाग.

२८ जानेवारी २०२५, मंगळवार

गेल्या आठवड्यापासून पुण्यात दुसरा विषय नाही. गिया बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला, सगळा सिंहगड रस्त्याचा पट्टा. तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडल्याच्या बातम्या आहेत. पोटाचा संसर्ग होतो, तो बरा होतो, आणि क्वचित एखाद्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर उलटते. पायांपासून ताकद जात वर चढते. बहुतेक बरे होतात, पण काहींना व्हेंटिलेटर लागतो. माझ्या ओळखीच्या घरातली एक मुलगी अतिदक्षता विभागात आहे. तिच्या आईचा आवाज फोनवर ऐकला, आणि नंतर बराच वेळ मला काही सुचलं नाही.

हॉटेल रिकामं. शेठनी दारात पाटी लावली आहे, "आमच्याकडे बाटलीबंद पाण्यात स्वयंपाक होतो." मी ती काढायला लावली, कारण भात तसा शिजत होता आणि पेले टँकरच्या पाण्यात धुतले जात होते. टाकीतलं पाणी परीक्षानळीत घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पिवळं होतं. पाणी जसंच्या तसं. दुसऱ्यांदा घेतलं, तसंच. टाकी उपसली, घासली, ब्लीचिंग पावडरचं द्रावण करून सोडलं, अर्ध्या तासाने फिक्कट पिवळा आला. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम हवा. वस्तादांना रोज सकाळी ही चाचणी करायला शिकवली. थर्मामीटरसारखी हीही त्यांनी आपली करून घेतली.

लोकांनी चिकन सोडलंय. खरं तर पंच्याहत्तर अंशांपर्यंत शिजलेल्या चिकनमधून कॅम्पायलोबॅक्टर येत नाही. तो कच्च्या चिकनच्या पाण्यातून येतो, आणि थोडे जंतूही पुरतात. आज नळाखाली चिकन धुताना बघितलं. धार मांसावर आदळते, तुषार हातभर लांब उडतात. त्या मोरीच्या डाव्या हाताला काकडी-टोमॅटोची पाटी होती. दिव्याच्या उजेडात काकडीवर थेंब दिसले, बारीक, गुलाबी झाक असलेले. सगळ्यांना वाकून बघायला लावलं. कुणाला आणखी काही सांगावं लागलं नाही. आता चिकन वेगळ्या पातेल्यात, साठवलेल्या पाण्यात, हळू धुवायचं, सॅलड दुसऱ्या खोलीत, सुरी आणि फळी वेगळी. फळीला वस्तादांनी तापलेल्या सळईने 'कच्चा' असं कोरलं.

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

शेठनी तिघांना घरी पाठवलं. धंदा नाही म्हणून, बिनपगारी. त्यात मोरीवरचा पोरगा.

मला राग आला, आणि मी तो लपवला नाही. पण त्यांनी जे सांगितलं तेही इथे लिहिलं पाहिजे. "मॅडम, भाडं थांबत नाही. घरपोचवाल्यांचं कमिशन थांबत नाही. लाईटबिल थांबत नाही. पगारी सुट्टी देतो म्हटलं तर गिऱ्हाईक थाळीला दोन रुपये जास्त देईल का? ते बाजूच्याकडे जाईल, तो काहीच करत नाही." याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. बाजूचा खरंच काही करत नाही.

मग आम्ही दोघांनी कागद घेतला. बारा कामगार. प्रत्येक जण वर्षात तीन दिवस आजारी धरला, सगळ्यांची हजेरी दिली, तर साडेसोळा-सतरा हजार. मी म्हटलं, गेल्या पंधरा दिवसांत गल्ला किती पडला? तो आकडा त्यांनी सांगितला, इथे लिहीत नाही. सतरा हजार त्यापुढे किरकोळ होते. शिवाय ज्या भटारखान्यात उलटी झालेला माणूस गप्प राहून कणीक मळतो, तिथे उद्या विषबाधा झाली तर दंडाचं सोडा, पाटी लावून माणसं परत येत नाहीत. नोरोव्हायरसचा माणूस बरा वाटल्यावरही काही दिवस जंतू सोडत असतो. म्हणून जुलाब-उलटी थांबल्यावर आणखी अठ्ठेचाळीस तास लांब ठेवायचं.

शेठ बराच वेळ आकड्यांकडे बघत होते. "खोटं बोलून सुट्टी घेतील." घेतील एखाद-दोघे. विनापगारी ठेवलंत तर खोटं बोलून कामावर येतील. दोन्हीपैकी कोणतं खोटं तुम्हाला परवडतं ते ठरवा.

१९ फेब्रुवारी २०२५, बुधवार

शेठनी आजारपणाच्या पगारी सुट्टीला हो म्हटलंय, दोन अटींवर. आजार आधी वस्तादांना सांगायचा, आणि वर्षाला तीनच दिवस. पाच मागितले होते, तीन मिळाले. पोरगा परत आला. भिंतीवर लावायचा कागद मी हिंदीत लिहिला, शेजारी वस्तादांच्या हट्टाने चित्रं. उलटीचं चित्र त्यांनी स्वतः काढलं आणि ते इतकं स्पष्ट आहे की शेठ म्हणाले, गिऱ्हाईकाला दिसणार नाही असं लावा.

पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्न सुरक्षा पर्यवेक्षक लागतो. इथे बाराच आहेत, तरी एक हवाच. प्रशिक्षणाला वस्तादांचंच नाव दिलं. सातवी शिकलेत. अर्जावर शिक्षण लिहिताना थोडे अडखळले. मी म्हटलं, तिथे जे शिकवतील त्यातलं निम्मं तुम्ही करताच आहात.

पहिली सुट्टी परवा एकाने घेतली, पोटदुखी सांगून. संध्याकाळी तो स्वारगेटला क्रिकेट बघताना शेठच्या मेहुण्याला दिसला. शेठचा सकाळी फोन, "बघा, मी म्हटलं होतं." त्यांना थांबवलं. त्याचा एक दिवस कापा, योजना कापू नका. त्यांनी हो म्हटलं, पण नाराजीनेच. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावं लागेल. दरम्यान काल भटारखान्यातल्या आणखी एकाने हाताची जखम आपणहून दाखवली, पिकलेली. तो कणीक मळतो. पिकलेल्या जखमेतला स्टॅफिलोकोकस अन्नात जे विष सोडतो तेही शिजून जात नाही. त्याला गल्ल्यावर बसवलं, हजेरी पूर्ण. इतके दिवस तो फडकं बांधून मळत असणार.

उद्या धायरीच्या हॉटेलात. त्या मालकांनी फोनवरच सांगितलं, "मॅडम, पाणी, फ्रीज, टोप्या, सगळं करू, फक्त ते पगारी सुट्टीचं आमच्याकडे काढू नका." म्हणजे बातमी तिथवर पोचली आहे. मी सुरुवात तिथूनच करणार आहे.